स्लॅबवरची आखाजी

आमच्या ठेकेदारांनी किती इमारती बांधल्या ते धुळ्यात कोणीही सांगेल. एवढ्या बांधून स्वतःचं एक धड घर का झालं नाही, ते मात्र मीच सांगू शकते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून मी त्यांना जन्मभर ‘ठेकेदार’च म्हटलं. लोक अभिमननाना म्हणायचे. मी ताईबाई, जामनेरकडची, तोंडाने फटकळ. हे त्यांना लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं, तरी त्यांनी मला परत पाठवलं नाही. तेव्हा तुम्हीही आता गुमान ऐका.

टेंडर भरायची त्यांची तऱ्हाच वेगळी. बाकीचे ठेकेदार कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहून, कोण किती टक्के कमी भरतोय याचा वास काढत आकडे टाकायचे. आमचे हे आधी त्या गावाला जायचे. बाया पाणी कुठून आणतात ते बघायचे, कोणाच्या तरी ओट्यावर बसून भाकरी खायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी गप्पा मारायचे. घरी आले की माझ्यासमोर दर मांडायचे. दगड इतका, चुना इतका, पाणी वाहायला इतकं, आणि सगळ्यात शेवटी ‘आखाजी’ म्हणून एक रक्कम.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, “ही आखाजी कोणत्या दुकानात मिळते?”

“अगं, उन्हाळ्याचं काम म्हटलं की मध्ये आखाजी येणारच,” ते म्हणाले. “मजूर बाया माहेरी जातात, काम बंद पडतं. जाताना प्रत्येकीच्या हातावर सगळा हिशोब चुकता करून पैसे ठेवावे लागतात. बाई रिकाम्या हाताने माहेरी जाईल का? मग तो खर्च आधीच धरायला नको?”

“बाकीचे धरतात?”

“नाही.”

“मग काम तुम्हाला कसं मिळायचं?”

“मिळेल तेव्हा मिळेल,” म्हणायचे आणि विडी पेटवायचे. झालं! बरीचशी कामं मग दुसऱ्यालाच मिळायची. मी डोक्याला हात लावायची.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरांकडे त्या दिवशी लोक सोनंनाणं घेत असतील. आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आमरस, मांडे, सांजोऱ्या खायच्या. पितरांसाठी पाण्याची घागर भरायची. लग्नानंतरची पहिली आखाजी असेल तर मग विचारूच नका. मुलीचा भाऊ मुराळी होऊन तिच्या सासरी जातो, लुगडं, बांगड्या, आंब्यांची पाटी देतो आणि मानाने बहिणीला घेऊन येतो. पहिल्या आखाजीला मुराळी आला नाही, तर सासरी त्या पोरीची मान खाली गेलीच म्हणून समजा.

आम्हाला एकच लेक, कोकिळा. तिला भाऊ नाही. मार्गशीर्षात तिचं लग्न सावद्याला झालं, केळीच्या बागा असलेल्या मोठ्या घरात. पाठवणीच्या वेळी ती बापाच्या कोटाची बाही सोडेना. हळूच म्हणाली, “नाना, आखाजीला मला न्यायला कोण येईल?”

“मी येईन की! मीच तुझा मुराळी,” हे म्हणाले. पोरगी रडता रडता हसली. मी ते ऐकलं आणि मनात गाठ मारून ठेवली. माझ्या एका म्हशीचं दूध मी गल्लीत विकायची, ते पैसे त्या दिवसापासून बाजूला टाकायला लागले. कोकीची आखाजी अशी करीन की सावदा बघत राहील, असा माझा पण होता.

आणि त्याच साली यांच्या गळ्यात ते शाळेचं काम पडलं. अडुसष्ट-एकोणसत्तर साल असेल. दोंडाईच्यापासून बैलगाडीने जावं लागायचं असं खेडं. नाव सांगत नाही, नाव घेतलं तर तिथली माणसं आजही भांडायला येतील. दोन खोल्यांची शाळा, वर सिमेंटचा स्लॅब. त्या गावाने तोवर स्लॅब पाहिला नव्हता.

आखणी करताना लक्षात आलं की नकाशाप्रमाणे एक भिंत नेमकी एका जुन्या निंबावर येते. निंब तोडला की प्रश्न मिटला. पण गावातल्या बाया येऊन उभ्या राहिल्या. “नाना, हाऊ निंब तोडशात ते आमन्या पोरी झोका कोठे बांधतीन?” एका म्हातारीने तर झाडाला मिठीच मारली. आमचे ठेकेदार आधीच मेणाहून मऊ. गेले खात्याच्या साहेबांकडे. साहेब भला माणूस, येऊन बघून गेला आणि म्हणाला, “इमारत थोडी पलीकडे सरकवा नाना. काय बिघडतं? कागद मागाहून करू.”

ते ‘मागाहून’ काही आलंच नाही. इकडे पाया खणायला घेतला आणि तिकडे साहेबांची बदली झाली. पलीकडच्या बाजूला काळी माती निघाली, ती संपेचना. मुरूम लागेपर्यंत खणायचं तर टेंडरात धरलं होतं त्याच्या दुप्पट खोल जावं लागलं. तेवढा जास्तीचा दगड, तेवढी जास्तीची मजुरी. यांनी तोही पाया भरला. म्हणे, काळ्या मातीवर पोरांना कसं बसवू? आखाजीसाठी धरलेली रक्कम त्या पायातच गाडली गेली.

नवे साहेब आले, तरुण होते. वाईट नव्हते हो, उगाच कशाला कोणाला नावं ठेवू? पण नियमाला पक्के. “नाना, जागा बदलली त्याचा लेखी हुकूम दाखवा. जास्तीच्या पायाची मंजुरी दाखवा.” दाखवणार काय, कपाळ? बिल सुधारित मंजुरीसाठी वर गेलं आणि तिथेच बसलं. मार्चअखेर आली तशी गेली. सरकारी पैशाचं असं असतं की मार्च हुकला की पुन्हा कधी, ते देवालाही माहीत नसतं.

मी त्या रात्री ताट वाढलं आणि म्हटलं, “बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी! जेवा आता पोटभर!”

ते बिचारे खरंच जेवले. मला आणखीच राग आला.

धुळ्यात पुखराज शेठ म्हणून लोखंड-सिमेंटचे व्यापारी होते, यांचा त्यांच्याशी जुना व्यवहार. त्यांनी साफ सांगितलं, “नाना, माल मी पावसाळ्यापर्यंत उधार देईन, तुमच्या शब्दावर देईन. पण मजुरी काही उधार मिळत नाही. तिची सोय तुमची तुम्ही बघा.” खरंच होतं ते. ठेकेदारीत माल थांबतो, सरकार थांबवतं, पण मजुराचं पोट थांबत नाही. नवे साहेब म्हणाले होते की स्लॅब पडला की चालू बिलाची शिफारस पुन्हा करतो. म्हणून यांनी शेठकडून सळई-सिमेंट उचललं आणि आखाजीला आठवडा उरला असताना स्लॅब टाकून मोकळे झाले. साहेब येऊन बघून गेले, शिफारसही लिहिली. पण पैसे काही पाखरू होऊन उडत येत नाहीत.

आखाजीच्या तीन दिवस आधी मी धुळ्याहून निघाले. कमरेला पिशवी, पिशवीत म्हशीचे पैसे. बेत असा होता की यांना घेऊन दोंडाईच्याच्या बाजारात जायचं, कोकीचं लुगडं घ्यायचं, विहिणीला खण, व्याह्यांना धोतर, आणि तिथूनच यांना सावद्याच्या गाडीत बसवायचं.

साईटवर पोचले तर निंबाखाली सगळ्या मजूर बाया ओळीने बसलेल्या. गाठोडी बांधून तयार, तान्ही पोरं मांडीवर. मुकादम जीवराम बाजूला उभा. हा जीवराम आमच्याकडे मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून गवंडी. कोकी लहान असताना तिला खांद्यावर घेऊन साईटभर हिंडायचा. त्याची बायको भिकुबाई ओळीत सगळ्यात पुढे. कोणी भांडत नव्हतं. आणि आमचे ठेकेदार त्यांच्यासमोर एका दगडावर खाली मान घालून बसलेले.

मला बघून त्यांनी मान वर केली. पिशवीकडे नाही हो बघितलं, माझ्याकडे बघितलं. मागितलेही नाहीत त्यांनी. मागितले असते तर मी दिले नसते, चांगलं खडसावलं असतं. पण तसे गप्प बसलेले बघून माझं काळीज गलबललं, आणि काळीज गलबललं की मला राग येतो, हा माझा स्वभाव. पिशवी सोडली आणि त्यांच्या मांडीवर टाकली. “घ्या! वाटा! निंब वाचवा, पाया खणा, गावाच्या लेकींचे झोके बांधा! आपली लेक बसू दे तिकडे दाराशी वाट बघत!”

त्यांनी पैसे वाटले. एकेकीचा हिशोब बिनचूक केला. मी चिऱ्यांच्या ढिगामागे जाऊन बसले आणि पदर तोंडात धरून रडले. मला फार वाईट वाटत होतं, दुसऱ्या कोणासाठी नाही, माझ्या पोरीसाठी.

भिकुबाई मागून आली. “अक्का, काय व्हयनं?” मला राहवलं नाही. भडाभडा सगळं सांगून टाकलं. पहिली आखाजी, पोरीला भाऊ नाही, बापाने शब्द दिलेला. पैसे होते ते गेले. एखाद्या भाच्याला पाठवावं तर रिकाम्या हाताचा मुराळी गेला काय, न गेला काय. आणि हे स्वतः तर जाऊच शकत नाहीत, कारण ओला स्लॅब टाकून ठेवलाय. मजूर गेले की त्याला पाणी कोण घालणार? वैशाखाचं ऊन, एक दिवस पाणी तुटलं तर तडे जाणार आणि मग बिल कसलं नि काय कसलं. भिकुबाईने ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि उठून गेली. संध्याकाळपर्यंत साईट रिकामी झाली.

मी धुळ्याला परत गेले नाही. एकट्या माणसाने किती घागरी वाहायच्या? मी तिथेच राहिले.

आखाजीचा दिवस उजाडला. गावातल्या पोरींनी निंबाला झोके बांधले आणि सकाळपासून गाणी सुरू केली. शेजारच्या एका बाईने आम्हाला पितरांची घागर भरायला जागा दिली. ती एक घागर पितरांची, बाकी दिवसभराच्या सगळ्या घागरी स्लॅबच्या. विहिरीवरून मी आणायची, शिडीशी द्यायची, ते वर न्यायचे आणि ओतायचे. स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफे केले होते, वांग्या-मिरच्यांना करतात तसे. पाणी ओतलं की ते घटकाभरात पिऊन टाकायचा, मेला!

मी त्यांच्याशी बोलत नव्हते. दुपार कलायला लागली तेव्हा त्यांनीच वरून विचारलं, “कोकीची आई, पोरगी काय म्हणत असेल गं?”

“काय म्हणणार? बापाने स्लॅबशी सोयरीक केली म्हणत असेल!”

पुढची घागर त्यांनी अशी उचलली की अर्धं पाणी माझ्या डोक्यावर सांडलं. मी तशीच निथळत पुढची घागर भरून आणली.

तेवढ्यात झोक्यावरच्या पोरींचा गलका झाला. रस्त्याने एक बैलगाडी येत होती. पुढे गाडीवाल्याजवळ कोणी पांढराशुभ्र फेटा बांधलेला पाहुणा. मला वाटलं गावातलाच कोणाचा तरी मुराळी असेल. गाडी निंबाखाली थांबली, पाहुणा उतरला, बघते तर जीवराम! आणि त्याच्यामागून, नवं हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, उन्हाने लाल झालेलं तोंड, माझी कोकी!

हातातली घागर तिथेच खाली ठेवली की टाकली, मला आठवत नाही. पोरीने मला मिठी मारली तेव्हा मी चिखलाने आणि पाण्याने पार बरबटलेली होते. “अगं, लुगडं खराब होईल,” म्हणाले, तर ती आणखीच घट्ट बिलगली.

मग एकेक कळत गेलं. त्या संध्याकाळी सगळ्या बाया दोंडाईच्याच्या स्टेशनवर थांबल्या होत्या. भिकुबाईने त्यांना पोरीचं सगळं सांगितलं. प्रत्येकीने नुकत्याच मिळालेल्या पैशांतून थोडंथोडं काढलं. त्यातून हे लुगडं आलं, बांगड्या आल्या, आंब्यांची पाटी आली. जीवराम आणि भिकुबाई त्या साली तिच्या माहेरी जायचे होते. तिने नवऱ्याला सांगितलं, मनं माहेर पुढला साल बी राही, तुम्ही सावदाले जा. फेटा दोंडाईच्यातल्याच एका ओळखीच्या पाटलाकडून मागून आणला. आणि आमचा मुकादम मुराळी होऊन जळगाव, भुसावळ करत सावद्याला पोचला.

पुढचं कोकीने सांगितलं. तिचे सासरे रुपचंद आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, “कोण तुम्ही?”

“मी मुराळी. कोकीना भाऊ.”

आबांना माहीत होतं की सुनेला भाऊ नाही. त्यांनी जीवरामच्या हातांकडे बघितलं. चुन्याने खाल्लेले, भेगा पडलेले हात. “व्याही का आले नाहीत?”

जीवरामला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, “नाना स्लॅबले पाणी घाली राह्यनात. मजूर बठ्ठा घर गयात. पाणी तुटनं ते स्लॅब तडकी जाई.”

आतून विहीणबाईंचा आवाज आला, “म्हणजे पोरीपेक्षा त्यांना स्लॅब मोठा!” कोकी दारामागे उभी होती. ती म्हणाली, “आई, मला वाटलं, संपलं आता. आता हे जीवरामदादाला हात जोडून परत पाठवतील.”

आबा आत वळून बायकोलाच म्हणाले, “आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली. वैशाखात केळीचं पाणी सोडून मी एकदा तरी तुझ्या माहेरी आलो का? पाणी सोडून जो माणूस हलतो, त्याची बाग राहत नाही. हा माणूस माझ्या जातकुळीतला आहे.” मग त्यांनी उठून स्वतः मुराळ्याच्या पायावर पाणी घातलं, पाटावर बसवलं, आपल्या पंक्तीला घेऊन मांडे-आमरस वाढायला लावला. आणि निघताना केळीचा एक अख्खा घड गाडीत टाकला.

हे सगळं कोकी मला सांगत होती आणि तिचा बाप अजून वरच होता. त्याला खाली उतरायचं सुचलंच नव्हतं. कोकीच शिडी चढून वर गेली. धोतर गुडघ्यापर्यंत खोवलेला, चिखलात उभा असलेला बाप तिच्याकडे बघत राहिला.

“तुला... कोणी आणलं गं?”

“माझ्या भावानं,” ती म्हणाली.

तेव्हा ते त्या ओल्या स्लॅबवर तसेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. चारचौघांत, सगळ्या गावासमोर. यांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच एकदा. झोके थांबले, गाणी थांबली. खालून जीवराम ओरडला, “रडनं व्हई ते वरच रडा नाना! तेवढंच पाणी स्लॅबले!”

सगळं गाव हसलं. हे रडता रडता हसायला लागले, कोकी हसायला लागली, मी कपाळावर हात मारून घेतला. मग गावच्या पोरींनी कोकीला ओढत झोक्यावर नेलं आणि जीवरामने फेटा उतरवून, नीट घडी घालून ठेवला आणि खाली पडलेली माझी घागर उचलली. मी नको म्हटलं, तू आज पाहुणा आहेस. तर म्हणाला, “अक्का, पाहुना कसाना? मी ते घरना शे.”

बिल पावसाळा संपल्यावर निघालं. खोल पायाचे पैसे अर्धेच मंजूर झाले. पुखराज शेठनी वाट बघितली, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. स्लॅबला एकही तडा गेला नाही. भिकुबाईला दिवाळीला तिच्या माहेरी पाठवलं, लुगडं मी स्वतः जाऊन घेतलं, आणि बाकीच्या बायांनाही एकेक चोळी-बांगडी केली. यांनी त्यातून धडा काय घेतला? काही नाही. पुढेही तोंडी हुकमावर कामं करतच राहिले आणि मी बोलतच राहिले.

फक्त एक गोष्ट बदलली. त्यानंतर टेंडराचे दर मांडताना शेवटची आखाजीची रक्कम मी सांगायची आणि ते लिहायचे. तिच्यात मी दरवर्षी धुळे ते सावदा जायचं-यायचं गाडीभाडं धरायची, जाताना एका माणसाचं आणि येताना दोघांचं. जीवरामचे पाय चालत होते तोवर कोकीची एकही आखाजी चुकली नाही. त्या भाड्यापायी आमचा आकडा थोडा चढायचा आणि एखादं काम हातचं जायचं. गेलं तर गेलं.